चमच्यातला चंद्र

१

दुपारची भांडी विसळून पालथी घातली, ओटा पुसला, की मी जेवणाच्या टेबलाशी बसत असे आणि लहान मुलांचे व्हिडिओ बघत असे. या वयात हे काम माझ्या वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं.

काम जावयानं दिलं होतं. एका सकाळी बूट घालता घालता तो म्हणाला, "बाबा, बटणच्या वर्गातली सगळी मुलं ते अ‍ॅप बघतात. तिलाही मी घेऊन दिलंय. पण चांगलं की वाईट, मला कळत नाही. तुम्ही जरा बघून सांगा ना, मुलांना चालेल का. शेजारच्या डॉक्टरीणबाईही विचारत होत्या. तुम्ही म्हणाल ते दोन्ही घरं करू."

"मला यातलं काय कळतं?"

"तुम्ही पीएचडी आहात, मी लिफ्टा दुरुस्त करतो. कुणी बघायचं, तुम्हीच सांगा."

बटण म्हणजे माझी नात. जन्मली तेव्हा एवढीशी, गोल आणि चपटी दिसत होती, म्हणून माझ्या लेकीनं तिला बटण म्हणायला सुरुवात केली. लेक जाऊन आता वर्ष उलटलं. नाव ठेवणारी गेली, नाव राहिलं.

मी उच्चारशास्त्र शिकवत असे. माणूस काय बोलतो याच्याशी मला कधी फारसं देणंघेणं नव्हतं. तो कसं बोलतो, जीभ कुठे टेकवतो, दोन शब्दांच्या मधे कितीसा थांबतो, यावर माझं पोट चाललं. लेक पाहुण्यांना सांगायची, "लोक धचा मा करतात, माझे बाबा चचा च करतात." आता माझ्या उजव्या कानात मशीन आहे. डावा कान कामातून गेला आहे. तेव्हा पुढे मी जे जे ऐकलं म्हणून लिहिणार आहे ते एका म्हाताऱ्याच्या अर्ध्या कानाची साक्ष आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मी स्वतः तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवलेला नाही.

२

सुरुवातीला वाईट असं काही सापडेना. साबणाच्या वड्या कापणारी माणसं, घसरगुंडीवरून पडणारी मांजरं, बाहुलीला आंघोळ घालणाऱ्या मुली. मूर्खपणा पुष्कळ होता, पण मूर्खपणावर बंदी घालायची तर माझं विद्यापीठ आधी बंद करावं लागलं असतं.

मला काळजी करायला कारण लागत नाही. लेक लहान असताना ती शाळेच्या सहलीला गेली की मी नकाशात नदी किती खोल आहे ते बघत बसायचो. म्हणून मी स्वतःला बजावलं की प्रत्येक सावलीला भूत म्हणायचं नाही. जे ऐकू येईल तेवढंच धरायचं.

पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. बटण त्या टॅबसमोर हसत असे. आणि बोलत असे. दुसरीकडे कुठेच ती नीट बोलत नव्हती.

तिची आई गेल्यापासून बटणला बोलायला वेळ लागतो. अडखळत नाही, तोतरी नाही, मी तपासलं आहे. ती फक्त थांबते. तुम्ही काही विचारलं की ती तोंड उघडते, हवा आत घेते, आणि मग काहीच येत नाही. उत्तर कुठेतरी वाटेत असतं. तोवर शाळेतल्या बाई पुढच्या मुलाकडे वळलेल्या असतात. घरीही तेच. आम्ही दोन पुरुष. एकाला कामाची घाई, दुसऱ्याला शांततेची भीती. तिचं वाक्य सुरू व्हायच्या आत आमचं दुसरं सुरू झालेलं असायचं.

हे थांबणं कुठून आलं ते मी पाहिलेलं आहे. आमच्या घरात निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, आणि मागे राहणाऱ्यानं 'ये' म्हणायचं. सगळ्याच घरांत असतं, पण माझ्या बायकोनं ते कडक पाळलं, आणि तिच्यामागे लेकीनं. शेवटच्या ऑपरेशनला नेताना लेक चाकांच्या खाटेवर होती, लिफ्टमध्ये. आम्ही बाहेर. तिनं मान वळवून बटणला म्हटलं, "येते हं." बटणनं तोंड उघडलं. आईच्या नाकातल्या नळीकडे बघत राहिली एवढंच, जेमतेम एका श्वासाइतकं. आणि लिफ्टचं दार बंद झालं.

दार बंद व्हायच्या वेळा ठरलेल्या असतात, जावई नंतर एकदा म्हणाला. त्या आपण लावतो. माणूस बोलतोय की नाही हे दाराला कळत नाही.

३

हातवाल्या मावशीची ओळख मला दाराच्या फटीतून झाली. हे नाव बटणनं ठेवलेलं. शनिवारी दुपारी मी पाणी घेऊन तिच्या खोलीकडे जात होतो, तर आतून एका बाईचा आवाज आला. सपाट, गोड, कुठल्याही गावचा नसलेला.

"आता सशाचे कान करायचे. ससा काय खातो गं?"

मग शांतता. मग बटणचा आवाज, सावकाश. "गवत. आणि... कधीकधी... गाजर."

"अगदी बरोबर. कधीकधी गाजर."

मी आत डोकावलो. टॅबवर एक टेबल, त्यावर निळं कापड, आणि दोन हात रंगीत मातीचा ससा करत होते. बाईचा चेहरा चौकटीच्या वर राहिला होता. मुलांचे कार्यक्रम असेच असतात. प्रश्न विचारायचा, थोडं थांबायचं, 'शाब्बास' म्हणायचं. समोर मूल असो नाहीतर भिंत. आम्हीही रेडिओवर असे धडे केले होते. गाजराचं म्हणाल तर ससा म्हटल्यावर मूल गाजर म्हणणारच.

पाण्याचा पेला टेबलावर ठेवून मी स्वयंपाकघरात परत आलो, तेव्हा लक्षात आलं की मला काय खटकलं होतं. शब्द नव्हे. थांबणं.

मुलांसाठी धडे ध्वनिमुद्रित करताना थांबायचं किती, यावर आम्ही भांडायचो. सरासरी मूल धरायचं असतं. बटण सरासरी नाही. तिच्या उत्तराला जेवढा वेळ लागला, बरोबर तेवढ्यानंतर ती बाई बोलली. लवकर नाही, उशिरा नाही. 'गाजर'मधला र संपला, एक श्वास गेला, आणि 'अगदी बरोबर.'

योगायोग, मी म्हटलं. आणि पेला परत आणायचं निमित्त करून पुन्हा दाराशी गेलो.

"मग ससा झोपतो कुठे?"

या वेळी बटण फारच थांबली. मी मनातल्या मनात आकडे मोजत होतो. आता बाई पुढे जाणार, आता जाणार. बाई गेली नाही. शेवटी बटण म्हणाली, "आईजवळ."

"अगदी बरोबर," बाई म्हणाली.

४

रविवारी बटण आणि जावई दुकानात गेले असताना मी तोच व्हिडिओ माझ्या फोनवर लावला. ससा काय खातो गं? जरासं थांबून, मी काही न बोलता, 'अगदी बरोबर.' रेडिओवर आम्ही ठेवायचो तेवढीच फट. मला हायसं वाटलं आणि स्वतःचा थोडा रागही आला.

मग तोच व्हिडिओ बटणच्या टॅबवर लावला.

"ससा काय खातो गं?"

मी गप्प बसलो. बाईही गप्प बसली. व्हिडिओ अडकला असेल म्हणून मी वाकून पाहिलं. अडकला नव्हता. हात सशाच्या पाठीवर ठेवलेले होते आणि बोटं अगदी किंचित हलत होती, वाट बघणाऱ्या माणसाची हलतात तशी. फ्रिजची घरघर चालू होती. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. व्हिडिओत आवाज नव्हता असंही नाही; खोलीचा आवाज होता, माणूस असलेल्या खोलीचा. रिकाम्या खोलीचा आवाज वेगळा असतो, हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे.

मी खाकरलो.

"हं?" बाई म्हणाली.

मी टॅबचं झाकण लावलं.

संध्याकाळी जावयाला सांगितलं. पहिली दोन वर्षं मी त्याला अहोजाहो करायचो. लेकीनं हसून हसून ते मोडून काढलं होतं. त्यानं टॅब मांडीवर घेतला, कुठे कुठे बोटं फिरवली.

"माइक चालू होता बाबा. ऐकतं ते. पोरगं बोलायचं थांबलं की पुढे सरकतं, असं बनवलं असेल. आमच्या लिफ्टच्या दारालाही डोळा असतो, कुणी मधे आलं की उघडतं. हे बघा, केला बंद."

"आवाज कुणासारखा वाटतो तुला?"

त्यानं थोडं ऐकलं. "कुणासारखा नाही. लिफ्टमधल्या बाईसारखा. 'दरवाजा बंद होत आहे, कृपया दूर राहा.'" तो हसला, मग हसता हसता थांबला, आणि टॅब माझ्याकडे देऊन म्हणाला, "बाबा, चालण्यासारखं असेल तर चालू द्या. ती तिथे हसते. मला दुसरीकडे कुठे ऐकू येत नाही."

दुसऱ्या दिवशी माइक बंद होता. मी स्वतः खात्री करून घेतली होती. बटणनं व्हिडिओ लावला, बाईनं विचारलं, बटण थांबली, आणि बाई तिच्यासाठी थांबली.

५

शेजारच्या डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर आहेत. जिन्यात भेटल्या की बोलताना माझ्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघतात.

"काय सर, लागला का निकाल? आमचा कुलदीपक रोज विचारतो, परीक्षा आमची की अ‍ॅपची."

"तुमच्याकडे ती हातवाली बाई येते का हो? मातीकाम करणारी?"

"येते की. भलतीच कंटाळवाणी. आमचा पोरगा तिच्या आधीच उत्तर देऊन मोकळा होतो."

"आणि ती थांबते किती?"

"थांबते कुठे? भराभर जाते. त्याच्यासारखीच." त्या हसल्या. "सर, तुम्ही काहीतरी फार खोलात शिरलाय. रक्त येईल. मुलांना चालेल की नाही तेवढं सांगा."

मी सांगतो म्हणालो. जिना चढताना मनाशी म्हटलं, भराभर बोलणाऱ्या मुलाला ती भराभर बोलणारी आहे, थांबणाऱ्याला थांबणारी. यात भिण्यासारखं काय आहे? चांगली शिक्षिका हेच करते. आम्ही ते केलं नाही, ती करते. तिच्याविरुद्ध माझ्याकडे पुरावा एवढाच होता, की ती आमच्यापेक्षा बरी होती.

६

चहातला च आणि चमच्यातला च वेगळे. लिहायला एकच अक्षर, पण तोंडात दोन. एकाला जीभ टाळूला लागते, दुसऱ्याला दातांच्या मागे. आपण हे कुणी न शिकवता शिकतो, आणि कुठल्या शब्दात कुठला च ते सहसा चुकत नाही. 'चंद्र' चहातला. 'चांदणं' चमच्यातलं.

माझी लेक चार वर्षांची असताना चंद्रही चमच्यातल्या च-नं म्हणायची. मी दुरुस्त केलं तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चांदणं त्याच्याकडूनच येतं ना? मग तो वेगळा कसा?" मला याचं उत्तर आजतागायत सुचलेलं नाही. मी तिच्या त्या चंद्रावर एका परिषदेत बोललोसुद्धा. ती मोठी झाली, बाहेर नीट बोलायला लागली, पण घरात चंद्र चमच्यातलाच राहिला. मी म्हणायचो, "चहातला." ती म्हणायची, "चहात चमचा असतोच." हे आमचं जुनं भांडण होतं, आणि त्याच्याशिवाय आमचं गच्चीवर जाणं पुरं व्हायचं नाही.

परभाषिक माणूस उलटी चूक करतो. तो चमचा चहातल्या च-नं म्हणेल. पण चंद्र चमच्यातला? तसा म्हणणारा दुसरा माणूस मी आयुष्यात ऐकलेला नाही, आणि मी पुष्कळ माणसं ऐकलेली आहेत.

त्या दुपारी बटण शाळेत होती. मी टॅब टेबलावर उभा केला. पडद्यावरच्या हातांनी पिवळी माती वळली, गोळा केला, तळव्यानं चपटा केला आणि निळ्या कापडावर ठेवला.

"हा कोण?" बाईनं विचारलं. वाट बघितली. मग तिनं स्वतःच सांगितलं.

"हा चंद्र."

मी कानातलं मशीन काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. व्हिडिओ मागे नेला.

"हा चंद्र."

जीभ दातांच्या मागे.

बाकीचा आवाज तिचा नव्हता. तोच सपाट, गोड, लिफ्टमधला. पण त्या एका अक्षरापुरती माझी लेक त्याच्यात येऊन गेली होती. आपल्या घराच्या एकाच खिडकीत दिवा दिसावा तशी. मी तो व्हिडिओ किती वेळा मागे नेला ते मला सांगता येणार नाही. बेल ऐकू आली तेव्हा बटण बाहेर बराच वेळ उभी होती आणि तिनं बेलही बरीच वाजवली असावी, कारण तिचं बोट लाल झालं होतं.

७

"बटण," मी म्हटलं, "मावशीला तू सांगितलंस का, चंद्र कसा म्हणायचा?"

ती दूध पीत होती. पेला खाली ठेवला. मी ठरवून गप्प बसलो. किती अवघड असतं ते. हात आपोआप काहीतरी आवरायला जातात.

"तिनं... विचारलं," बटण म्हणाली. "तुमच्या घरी चंद्राला काय म्हणतात. मी... आईचं सांगितलं."

"अजून काय काय विचारते?"

"सगळं. आई हाक कशी मारायची. कुठल्या पायावर... वजन देऊन उभी राहायची. तिला नीट येत नाही. पण ती... शिकते."

माझ्या मनावरचं ओझं उतरलं, हे सांगितलं तर विचित्र वाटेल. पण उतरलं. लहान मुलीकडून घरातलं काढून घेणारी एक यंत्रणा. तिच्या आईचा उच्चारसुद्धा न सोडणारी. यात भुताखेताचं काही नव्हतं. हे सरळ वाईट होतं. याला 'चालणार नाही' असं म्हणता येत होतं, डॉक्टरीणबाईंना जिन्यात उभं राहून समजावता येत होतं.

"तुला तिची भीती नाही वाटत?"

बटणनं नकारार्थी मान हलवली. मग बराच वेळ पेल्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मी थांबलो.

"शेवटी ती 'येते हं' म्हणते," ती म्हणाली. "मग थांबते. मी 'ये' म्हणेपर्यंत... व्हिडिओ संपतच नाही."

"मग तू काय करतेस?"

"झाकण लावते."

"'ये' म्हणत नाहीस?"

या वेळी ती थांबली नाही. वर्षभरात पहिल्यांदा माझ्या प्रश्नाला लागून तिचं उत्तर आलं.

"नाही. ती आई नाहीये आजोबा. म्हटलं तर खरंच येईल."

८

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई निघताना मी सांगितलं, "काढून टाकतो ते. चालणार नाही."

तो काही क्षण हत्यारांच्या पिशवीचा पट्टा नीट करत राहिला. "तुम्ही म्हणता तर काढा," म्हणाला. "तिला मी सांगेन." मग दारातून, सवयीनं, "येतो."

"ये," मी म्हटलं.

बटण शाळेतून यायच्या आत उरकायचं होतं. काढून टाकणं अगदी सोपं असतं. चित्रावर बोट दाबून धरायचं, ते थरथरायला लागतं, मग विचारतं, खरंच का. मी बोट दाबलं. चित्र थरथरलं. आणि मी बोट उचललं.

एकदाच, असं मी स्वतःला म्हटलं. तो एक च.

व्हिडिओ नवा होता. निळं कापड, दोन हात, मातीचं काहीतरी चालू होतं; काय ते मी पाहिलं नाही. मी डोळे मिटून ऐकत होतो. ती फारसं बोलली नाही. प्रश्नही विचारला नाही. एकदा नुसतीच हसली, नाकातून, हवा सोडल्यासारखी, आणि ते हसू मला ओळखीचं वाटलं. हेही बटणनं शिकवलं असेल, मी म्हटलं. हसणं शिकवता येतं का, हा प्रश्न मी पुढे ढकलला.

मग ती म्हणाली, "येते हं."

यात च नव्हता. यात काहीच नव्हतं. दोन अक्षरं आणि एक हुंकार, कुणीही म्हणेल असे. पण 'ये'वर किंचित जोर, आणि 'हं' खाली न सोडता वर धरलेला, समोरच्याचं ऐकायचं बाकी आहे म्हणून. लिफ्टमधून आला होता तसा.

मी डोळे उघडले. हात टेबलावर स्थिर होते. बोटं किंचित हलत होती. ती थांबली होती.

मी झाकणाकडे हात नेला. खरंच नेला. बटणला जे येतं ते मला येत नसेल असं मला वाटलं नव्हतं. फ्रिजची घरघर थांबली. नळाचा थेंब पडायचा राहिला. कुठलंच दार बंद होत नव्हतं. माझ्या आयुष्यात इतका वेळ मला कुणी दिलेला नव्हता.

"ये," मी म्हटलं. आणि मग, कारण लेकीला तसं म्हणायची मला सवय होती, "ये बाळा."

हात उठले. आजवर कुठल्याच व्हिडिओत ते चौकटीबाहेर गेले नव्हते, आता गेले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. निळं कापड तेवढं उरलं आणि त्यावर मातीचा एक लहानसा, चपटा, चार भोकांचा गोल. बटण होतं ते. शर्टाचं असतं तसं.

मग पावलं. ती दूर जात होती की जवळ येत होती, ते मी सांगू शकत नाही. दिशा कळायला दोन कान लागतात.

चित्रावर बोट दाबून धरलं. ते थरथरलं, त्यानं विचारलं, आणि मी हो म्हटलं.

९

रात्री जेवताना जावयानं बटणला सांगितलं. ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं झालं." जावयाला फार आश्चर्य वाटलं. मी भात कालवत राहिलो.

आज दुपारी मी भांडी विसळली, पालथी घातली, ओटा पुसला. डॉक्टरीणबाईंना सकाळीच जिन्यात सांगितलं होतं, काढून टाका. "का हो सर, काय निघालं?" त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, ते मुलांकडून घरातलं काढून घेतं. "आमच्याकडे काय आहे घेण्यासारखं," त्या म्हणाल्या, पण काढते म्हणाल्या. माझं काम संपलं होतं. मला मुलांचं विचारलं होतं. म्हाताऱ्यांना चालेल का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

टेबलाशी बसलो. एकटा असलो की मी स्वतःशी बोलतो, म्हातारी माणसं बोलतात तसं. "चहा टाकावा," मी म्हटलं.

फ्रिजची घरघर थांबली.

फ्रिज थांबतातच. अधूनमधून थांबायचीच त्यांची पद्धत असते. नळही थांबतात. वरच्या मजल्यावरची माणसं बाहेर गेली असतील. पण त्या शांततेला एक आकार होता, आणि तो आकार मी जन्मभर मोजत आलो आहे. बोलणाऱ्याचं संपलं आहे, ऐकणाऱ्याला ते कळलं आहे, आणि अजून त्यानं तोंड उघडलेलं नाही. त्या दोन्हींच्या मधली ती फट होती.

मी उठलो नाही. पाठ स्वयंपाकघराकडे होती. काहीतरी चिनीमातीवर हलकेच वाजलं. कपात चमचा ठेवावा तसं.

मग ते म्हणालं, अगदी घरातल्यासारखं, कुणाला उद्देशून नाही अशा बेतानं:

"आले हं."

त्याच क्षणी दाराची बेल वाजली. मी कसा उठलो, कसा दारापर्यंत गेलो, आठवत नाही. मागे वळून पाहिलं नाही एवढं नक्की. दार उघडलं. बटण उभी होती. पाठीला दप्तर, एका मोज्याची गुंडाळी घोट्यापाशी. ती रोज उंबऱ्यावर थांबते, हवा आत घेते, बऱ्याच वेळानं 'आले' म्हणते आणि मग आत येते.

आज ती आत आली नाही. माझ्या हाताखालून तिनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे काय दिसत होतं ते मला माहीत नाही; मला फक्त तिचा चेहरा दिसत होता. तो घाबरलेला नव्हता. लिफ्टच्या दारासमोर होता तसा होता.

"तुम्ही म्हटलंत," ती म्हणाली.

मी मान डोलावली.

"आजोबा, आत कोण आहे?"

मी दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरलं होतं. तिला अडवायला, की पडू नये म्हणून, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. तोंड उघडलं. हवा आत घेतली. उत्तर कुठेतरी वाटेत होतं. बटण माझ्याकडे बघत शांतपणे थांबली, तिच्यासाठी आम्ही कधी थांबलो नव्हतो तशी. आणि माझ्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात, एका पायावर वजन देऊन, आणखी कुणीतरी त्याच उत्तरासाठी थांबलं होतं.